सतरा सह्या

जोतीराम सूर्यवंशीनं आयुष्यात किती जणांना मारलं, हे त्याच्या उजव्या हातालाच ठाऊक. कडेगावच्या स्टँडवर वडापच्या जीपवाल्याला मारलं. पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाला पाटाच्या कडेला लोळवलं. एकदा तर लग्नाच्या मांडवात बँडवाल्याची टिपरी हिसकावून त्याच्याच डोक्यात हाणली आणि नवरदेवाला परण्याच्या मिरवणुकीत बिनबँडचंच जावं लागलं. लोक हसायचे. ‘हवालदाराचा हात लय जड’ असं कौतुकानं सांगायचे. मार खाणारा मात्र हसत नसतो, आणि त्याला कुणी विचारतही नाही. आपल्याकडं कडक माणसाचं भारी कौतुक. कडक कोण, तर ज्याला बघून दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप लागतं तो. मला या कौतुकाचा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जोतीरामचा बाप बैलाला आणि पोराला एकाच आसुडानं मारायचा. बैलाला जरा कमी, कारण बैल विकत आणलेला. एकोणिसाव्या वर्षी जोतीराम फौजेत भरती झाला, तेव्हा गावकऱ्यांना वाटलं पोरगं सुटलं. तिथं कवायत शिकवणारा उस्ताद भेटला. उस्तादाच्या हातात वेताची छडी असायची आणि तोंडात एकच वाक्य, ‘बोलना मना है.’ रोज पहाटे तो रांगेतल्या प्रत्येकाचे बूट तपासायचा. बुटांची चकाकी बघायचा, आतला पाय नाही.

ट्रेनिंगच्या दुसऱ्याच महिन्यात बुटानं जोतीरामच्या डाव्या पायाची करंगळी खाल्ली. पू झाला, पाय घोट्यापर्यंत काळानिळा पडला. आजारी म्हणून नाव दिलं की उस्ताद कामचोर म्हणून फोडून काढायचा. म्हणून जोतीराम अठरा दिवस तसाच धावला. शेवटी करंगळी कापावी लागली. पुढं तेहतीस वर्षं ही गोष्ट त्यानं शंभर ठिकाणी सांगितली. “करंगळी गेली, पर तोंडातनं शब्द काढला न्हाई!” असं म्हणून तो चप्पल काढून पाय दाखवायचा. या गोष्टीला आणखी अर्धा भाग होता. तो फक्त भाऊसोला माहीत होता.

भाऊसो आष्ट्याचा. दोघं एकाच दिवशी भरती झाले, शेजारशेजारच्या खाटांवर झोपले आणि चोवीस वर्षांनी एकाच महिन्यात पेन्शनवर आले, जोतीराम हवालदार होऊन. जोतीरामला एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सकाळपाळीचा सुपरवायझर म्हणून घेतलं. त्यानं महिनाभरात भाऊसोलाही तिथं चिकटवला. भाऊसो गोल चेहऱ्याचा, गप्पिष्ट, तंबाखूची डबी कायम हातात. जोतीरामला ‘जोत्या’ म्हणणारा साऱ्या कारखान्यात तो एकटाच.

भाऊसो धरून पाळीत अठरा माणसं होती. रोज सकाळी सातला जोतीराम त्यांना रांगेत उभं करायचा आणि बूट तपासायचा. नाडी सुटलेली दिसली तर नडगीवर लाथ, उशीर झाला तर मुस्काटात. वाळूच्या ढिगाकडं तोंड करून एकाला त्यानं तासभर कोंबडा केलं होतं. तो माणूस दोन लेकींचा बाप होता. मालकाला यात वावगं वाटलं नाही, कारण या पाळीतून तक्रारीचा एक कागद कधी ऑफिसात येत नव्हता. लागोपाठ तीन वर्षं ‘शून्य तक्रार’ अशी ढाल जोतीरामला मिळाली. त्या ढाली त्यानं घरात टीव्हीच्या वर लावल्या होत्या.

भट्टीच्या पॅनेलवर मल्हार कोळेकर असायचा. जतकडचा माणूस. आजा मेंढरं राखायचा, बाप मेंढरं आणि थोडी बाजरी करायचा, आणि हा आयटीआय करून भट्टीवर आला. बोलायला कमी, नजर मात्र पक्की. उकळत्या लोखंडाचा नुसता रंग बघून ते किती तापलंय हे सांगायचा आणि यंत्रानं मोजलं तर आकडा जवळपास तोच निघायचा. जोतीरामलाही मनातून हा माणूस आवडायचा. तसं त्यानं कधी दाखवलं नाही. फौजेत कुणी दाखवत नाही, आणि घरीही कुणी दाखवलं नव्हतं.

भादव्यात गौरी गेल्या त्याच आठवड्यात मल्हारनं चालू ओतकाम थांबवलं. पॅनेलवरचा धोक्याचा दिवा दोनदा लुकलुकला म्हणून त्यानं लाल बटण दाबलं. धातू गार झाला, चाळीस साचे वाया गेले. इलेक्ट्रिशियननं येऊन बघितलं तर एक वायर ढिली होती, बाकी काही नाही. जोतीराम पॅनेलपाशी आला.

“कुणाला इचारून बंद केलंस?”

“सायेब, दिवा लागला हुता...”

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. थप्पड एवढ्या जोरात बसली की मल्हार लोखंडी स्टँडवर आपटला. उठून उभा राहतोय तोवर दुसरी, त्याच कानावर. मग पोटात लाथ. मल्हार गुडघ्यावर आला तरी हात सुटतच होता. कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावर उतरली. सगळी पाळी बघत होती आणि कुणी पाऊल उचललं नाही. शेवटी भाऊसो धावत आला आणि त्यानं मागून जोतीरामला मिठी मारली.

“जोत्या, बास! मरंल त्यो!”

मल्हारच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरला त्यानं सांगितलं, कामावर पडलो. बायकोला, प्रांजलला, तेच सांगितलं. दिवा खोटा लागला होता, पण तो खरा असता तर भाद्रपदातच पाचसहा माणसं गेली असती, आणि मल्हारनं केलं तेच बरोबर होतं. हे भाऊसो सोडून जोतीरामला कुणी सांगितलं नाही. भाऊसोनं सांगितलं तेव्हा जोतीराम म्हणाला, “आता त्यो जन्मात बटण दाबायचा न्हाई.” हे मात्र त्याचं अगदी खरं ठरलं.

त्याच सुमारास मालकानं सांगलीहून राजेश्वरी नावाच्या बाईंना बोलावलं. त्या मानसशास्त्र शिकलेल्या. परदेशातल्या गिऱ्हाइकानं अट घातली होती म्हणे, की कामगारांच्या मनाची तपासणी झालीच पाहिजे. माणसं त्यांना मागून ‘मनाची डॉक्टरीण’ म्हणायची. बाई आठ दिवस कॅन्टीनमध्ये नुसत्या बसल्या, चहा प्यायल्या आणि ऐकत राहिल्या. नवव्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली. नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच होता, ‘कामात धोका दिसला तर पहिल्यांदा कुणाला सांगाल?’

चिठ्ठ्या गोळा झाल्यावर त्यांनी जोतीरामला बोलावलं आणि त्या टेबलावर मांडल्या. सतरा चिठ्ठ्यांवर ‘कुणालाच नाही’ असं होतं. अठराव्या चिठ्ठीवर होतं, ‘जोत्याला. आदी दोन शिव्या घालीन, मग सांगीन.’

जोतीराम खदखदून हसला. “बगा मॅडम, एक बी माणूस कुरकूर करत न्हाई. ह्येला शिस्त म्हंत्यात.”

“हवालदारसाहेब, घराला आग लागली तर ही माणसं तुम्हाला उठवायला येणार नाहीत,” बाई म्हणाल्या. “एकच येईल. तो रजेवर असला तर?”

जोतीरामनं टेबलावर मूठ आपटली. चहाचा कप उडाला आणि फुटला. बाईंनी चिठ्ठ्या उचलल्या, रुमालानं टेबल पुसलं आणि आपला अहवाल मालकाला देऊन त्या सांगलीला निघून गेल्या. तो अहवाल कपाटात गेला.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं या दिवशी हत्यारांची पूजा. फौजेत बंदुका मांडतात. गावात नांगर, कुदळ, विळा, ट्रॅक्टर, अगदी शिवणयंत्रसुद्धा धुऊन पुसून त्याला हळदीकुंकू लावतात. न धुतलेल्या हत्याराची पूजा कोण करतं? फाउंड्रीतही दरवर्षी पूजा व्हायची. या वर्षी मालक स्वतः येणार होते आणि भटजींनी पहिल्या ओतीचा मुहूर्त अकरा वाजून पाच मिनिटांचा काढून दिला होता. सकाळी सातला जोतीरामनं रांगेपुढं हुकूम सोडला, “समदी हत्यारं धुऊन चकाचक करा. एक बी ऱ्हायलं न्हाई पायजे!” आणि तो मालकाच्या स्वागताचं बघायला गेटवर गेला. भाऊसोला त्यानं नारळ आणि झेंडूच्या माळा आणायला कडेगावच्या बाजारात पाठवलं.

माणसांनी हातोडे धुतले, सांडश्या धुतल्या, पाने धुतले. मग नवीन लागलेल्या दोघांनी लेडलवर पाइप धरला. लेडल म्हणजे भट्टीतलं वितळलेलं लोखंड साच्यापर्यंत नेणारी भलीमोठी बादली. तिला आतून मातीचा जाड गिलावा असतो. ती माती पाणी पिते. ओल्या मातीवर चौदाशे डिग्रीचं लोखंड पडलं तर आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वाफ सगळं घेऊन वर उडते. फाउंड्रीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. त्या दोघांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. ‘समदी म्हणजे लेडलसुद्धा का?’ एवढाच प्रश्न होता, आणि गेटवर जाऊन तो विचारायची छाती दोघांतही नव्हती. विचारलं तर एक थप्पड, नाही धुतली तर दोन. त्यांनी लेडल आतून बाहेरून लख्ख धुतली.

मल्हारनं पॅनेलवरून हे बघितलं. त्यानं धावत येऊन नळ बंद केला, लेडल उपडी करून पाणी काढलं आणि आत गॅसचा बर्नर पेटवून ठेवला. वरची माती तासाभरात पांढरी दिसायला लागते. आतली ओल जायला चारपाच तास लागतात. एवढा वेळ नव्हता.

अकराला जोतीराम मालकाला घेऊन आत आला. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, कपाळावर गंध. बर्नर अजून चालू बघून त्याचं डोकं फिरलं.

“बंद कर त्ये! भट्टी तिरपी करायला घे!”

“सायेब, जरा थांबू का?” मल्हार म्हणाला.

“मुहूर्त काय तुझ्या बानं काढलाय व्हय रं?” आणि जोतीरामचा हात खांद्यापर्यंत वर गेला. मालक बघत होते म्हणून तो तिथंच थांबला. मल्हार दोन पावलं मागं सरकला. त्याचा गाल आपोआप वळला होता. त्यानं बर्नर बंद केला. ‘जरा थांबू का’ हे शब्द जोतीरामच्या कानावर पडले खरे, पण आत गेले नाहीत. कुणीतरी आडवं येतंय, एवढंच त्याला ऐकू आलं.

तेवढ्यात भाऊसो धापा टाकत बाजारातून आला. नारळ ठेवले, माळ लेडलच्या कडीला अडकवली आणि लेडलचं चाक धरून उभा राहिला. भटजींनी गंध लावावं म्हणून त्यानं तोंडावरची काच वर केली होती. “जोत्या, आज तू नवरदेवावानी दिसतूयास,” असं तो म्हणाला. काच खाली घ्यायचं राहून गेलं. मल्हारनं भट्टी तिरपी केली आणि पांढरंशुभ्र लोखंड लेडलमध्ये पडलं.

आवाज असा झाला की पत्र्याच्या छताला भगदाड पडलं. लोखंडाचा फवारा वीस फूट वर गेला आणि पेटलेल्या पावसासारखा खाली आला. झेंडूची माळ जळाली, भटजींचं उपरणं पेटलं, मालक टेबलाखाली घुसले. भाऊसो उभाच होता. त्याच्या तोंडावर, छातीवर, हातांवर लोखंड चिकटलं होतं आणि शर्ट जळत होता. मग तो ओरडायला लागला. जोतीरामनं लढाई बघितली होती, मेलेली माणसं उचलली होती, पण असा आवाज त्यानं ऐकला नव्हता. तो धावला, दोन्ही हातांनी भाऊसोला धरून त्यानं वाळूत पाडलं आणि लोळवलं. लोखंडाचा एक गोळा त्याच्या उजव्या तळव्यात घुसला. जळक्या मांसाचा वास येत होता, तो कुणाचा हे कळायला मार्ग नव्हता. भाऊसो “जोत्या, डोळं, माजं डोळं” एवढंच म्हणत होता.

सांगलीच्या दवाखान्यात भाऊसोला पट्ट्यांत गुंडाळून ठेवलं. दोन्ही डोळे गेले होते. डॉक्टर बाकीचं काही सांगत नव्हते. जोतीरामच्या हाताला मनगटापर्यंत पट्टी बांधली. तो तीन दिवस दारात बसून राहिला आणि त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. लेडल धुतली कुणी? कुणाला ठाऊक होतं? ज्याला ठाऊक होतं त्याला जिता सोडायचा नाही. तिसऱ्या दिवशी ते दोघे नवीन कामगार भेटायला आले. जोतीरामनं एकाची कॉलर डाव्या हातानं धरून त्याला भिंतीवर दाबलं. घाबरलेला माणूस दुसऱ्याचं नाव घेतो. “मल्हारला ठाव हुतं, सायेब,” तो म्हणाला. “त्यानं बगितलं हुतं.”

भर दुपारी जोतीराम मल्हारच्या खोलीवर गेला. दार उघडंच होतं. मल्हार भिंतीला टेकून बसला होता, समोरच्या ताटात भाकरी तशीच होती.

“तुला ठाव हुतं?”

“व्हय.”

“लेडल वली हाय हे ठाव हुतं, आनि तू भट्टी वाकवलीस?”

“व्हय.”

एवढं म्हणून मल्हार उठला आणि त्यानं गाल पुढं केला. उजवा. डावा कान त्यानं हातानं झाकून घेतला होता.

जोतीरामनं डाव्या हातानं मारायला सुरुवात केली. गुद्दे, लाथा, जिथं लागेल तिथं. उजवा हात पट्टीसकट वापरला, जखम फुटली, पट्टीतून आलेलं रक्त मल्हारच्या तोंडावर उडालं. मल्हारनं एकदाही हात उचलला नाही. तो खाली पडला तरी जोतीराम मारतच होता, आणि मारता मारता रडत होता. तेवढ्यात त्याच्या कोपरावर असा दणका बसला की हात लुळा पडला. प्रांजल पाणी घेऊन परत आली होती. सासऱ्याची मेंढरं वळायची काठी भिंतीला टांगलेली असायची, ती तिच्या हातात होती. तिनं दुसरा दणका पाठीत हाणला, तिसरा खांद्यावर. चोवीस वर्षं फौज, नऊ वर्षं फाउंड्री, एवढ्या काळात उस्तादानंतर हवालदाराला कुणी हात लावला नव्हता.

“कानाचं आज कळलं मला!” ती ओरडली. “पडलो म्हणाला हुता त्यो! बोलला तरी मारता, न्हाई बोलला तरी मारता. मंग ह्येनं करायचं काय, सांगा की! सांगा!”

जोतीराम मल्हारपासून मागं सरकला. तो उंबरा ओलांडून बाहेर आला. शेजारपाजारची माणसं दारात उभी होती आणि त्याच्याकडं बघून सगळ्यांनी नजर खाली घातली.

दवाखान्यात परत आला तेव्हा भाऊसो जागा होता. त्याचा आवाज खरखरीत, तुटक येत होता.

“कुणाला मारून आलास?”

“तुला कसं कळलं?”

“श्वास तसा चाललाय तुजा.” मग तो म्हणाला, “जोत्या, करंगळीची गोष्ट तू लोकांस्नी सांगतुस. डॉक्टरला कुणी सांगितलं, ते सांगतुस का कवा?”

जोतीरामनं डावा पाय खाटेखाली ओढून घेतला.

“मी सांगितलं. उस्तादानं दोन छड्या मोडल्या माज्या पाठीवर. वास यायला लागला हुता गड्या तुज्या पायाचा. म्या बोललो न्हाई असतो तर पाय गेला असता तुजा, कदाचित तू बी. पर आख्ख्या आयुष्यात तू उस्तादाचं नाव काढलंस. माजं न्हाई.”

“भाऊ...”

“ऱ्हाऊ दे. मल्हारला धरून ऱ्हा. त्यो बोलणारा हाय.”

नवव्या दिवशी भाऊसो गेला. आष्ट्याला माती झाली. घरी आल्यावर जोतीरामनं टीव्हीवरच्या तिन्ही ढाली काढल्या आणि अंगणात आणून दगडानं ठेचल्या. त्याची बायको विजयमाला दारात उभी राहून बघत होती.

“तुला म्या कवा हात लावला न्हाई,” तो एकाएकी म्हणाला. जणू कुणी आरोप केला होता.

“न्हाई लावला,” ती म्हणाली. “पर मी रोज वाट बगायची.”

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की त्याला रोग चार दिवसांनी कळायचा, म्हैस आजारी पडली की ती मेल्यावर कळायचं, लेकीनं कॉलेज बदललं ते वर्ष संपल्यावर कळलं होतं. यामागचं कारण त्याला त्या दिवशी कळलं. तो तिच्याकडं बघू शकला नाही.

भाऊसोच्या बाराव्यानंतर मॅनेजरनं त्याला बोलावलं. सरकारी चौकशी होती, पोलीसही येणार होते. मॅनेजरनं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. “फक्त सह्या घ्या तुमच्या माणसांच्या. तुमचा शब्द ती मोडत नाहीत.” कागदावर लिहिलं होतं, मल्हार कोळेकर यानं कुणालाही न विचारता लेडल धुतली आणि ती ओली असल्याचं लपवलं. म्हणजे माणूस मेल्याचा गुन्हा मल्हारवर. तुरुंग, नोकरी जाणार, पुन्हा कुठल्या कारखान्यात कुणी उभं करणार नाही. जोतीरामनं कागद वाचला आणि खिशात घातला. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं, लपवलं तर होतंच की त्यानं. आणि सह्या करायच्या वेळी मल्हार भांडेल, कागद फेकून देईल, मग बघू.

सकाळी सातला कॅन्टीनमध्ये रांग लागली. सतरा माणसं. जोतीराम टेबलामागं बसला होता, पट्टीचा हात कागदाशेजारी ठेवलेला. “सही करा,” एवढंच तो म्हणाला. पहिला आला, सही करून गेला. दुसरा, तिसरा. कुणी वाचलं नाही. सतरावा मल्हार होता. तोंडावरची सूज अजून उतरली नव्हती. त्यानं पेन उचललं, सही केली आणि पेन ठेवलं.

जोतीराम त्या सहीकडं बघत राहिला. ‘म. कोळेकर.’

“वाचलंस?”

“न्हाई.”

“मंग सही का केलीस?”

“तुमी हितं बसलाय,” मल्हार म्हणाला.

स्वतःच्या गळ्यातला फास या माणसानं न बघता ओढून घेतला होता, आणि ते त्याला अजिबात विचित्र वाटलं नव्हतं. हीच ती शिस्त. हिच्याच ढाली जोतीरामनं घरात लावल्या होत्या. बाईंनी मांडलेल्या सतरा चिठ्ठ्या आणि या सतरा सह्या एकाच हातांच्या होत्या. त्यानं कागद उचलला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि तुकडे चहाच्या बादलीत टाकले.

मग त्यानं कॅन्टीनच्या वहीतला एक कागद घेतला. पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांत पेन धरून तो लिहायला लागला. दुखत होतं, अक्षर वाकडं येत होतं. लेडल माझ्या हुकुमानं धुतली गेली. बर्नर मी बंद करायला लावला. मला कुणी काही विचारायला घाबरायचे कारण मी मारत होतो. मला कुणी थांबवलं नाही. दोष माझा. खाली त्यानं आपली सही केली.

“वाचून सही करा,” तो म्हणाला.

पुन्हा रांग लागली. पहिल्यानं न वाचता सही केली. दुसऱ्यानंही.

“आरं, वाचा की रं!” तो ओरडला.

ओरडण्यानं माणसं दचकली आणि त्यांनी आणखी घाईनं सह्या केल्या. सोळा सह्या झाल्या. जोतीरामनं डोकं हातात धरलं.

मल्हारनं पेन उचललं नाही. त्यानं कागद उचलला आणि ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचायला लागला. शेवटापर्यंत वाचून त्यानं कागद खाली ठेवला.

“ह्यात एक चुकलंय,” तो म्हणाला.

जोतीराम ताडकन उठला, खुर्ची मागं पडली. हात सवयीनं वर गेला होता. सोळा माणसांनी खाली बघितलं. मल्हारचा एक पाय मागं सरकला, मग त्यानं तो पुन्हा जागेवर आणला.

“काय चुकलंय?”

“‘मला कुणी थांबवलं न्हाई’ असं लिवलंय तुमी. म्या थांबवलं हुतं. बर्नर चालू हुता तवा म्हणालो, सायेब, जरा थांबू का. तुमी हात उचलला.”

जोतीराम तसाच उभा राहिला. अकरा वाजले होते, बर्नर पेटलेला होता, मल्हारचं तोंड हललं होतं. त्याला ते दिसलं. शब्द आत्ता, बावीस दिवसांनी, ऐकू आले. तेवढे चारच शब्द त्यानं तेव्हा ऐकले असते, तर भाऊसो आज दारात उभा राहून त्याला शिव्या घालत असता.

त्यानं वर गेलेला हात खाली आणला. खुर्ची उचलून तो बसला आणि ती ओळ खोडली. तिच्यावर लिहिलं, ‘मल्हार कोळेकर याने मला थांबायला सांगितले होते. मी ऐकले नाही.’ पट्टी ओली झाली होती, कागदावर रक्ताचा डाग पडला.

“आनि काय ऱ्हायलंय?” त्यानं मान वर न करता विचारलं.

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मग मागून त्या दोन नव्या कामगारांपैकी एकाचा चोरटा आवाज आला.

“सायेब, तुमी समदी हत्यारं म्हणाला हुता.”

जोतीरामनं तेही लिहिलं. मग वाळूकामावरचा एकजण पुढं आला आणि म्हणाला, तोंडावरची काच वर असताना भट्टी वाकवायची नसते, आणि भाऊसोची काच वर होती हे त्यानं बघितलं होतं. मग आणखी एकजण. कागदाची दुसरी बाजूही भरली, आणि जोतीरामनं वही पुन्हा जवळ ओढून दुसरा कोरा कागद फाडून घेतला.